एकाच वयाची तबकडी, एकाच वयाचे काटे

चार वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक जुनं घड्याळ घेतलं. फेवर-ल्युबाचं ‘सी किंग’, चावीचं, नारिंगी तबकडीचं, किंमत साडेतीन हजार रुपये. आजोबांच्या मनगटावर हेच मॉडेल होतं, फक्त त्यांची तबकडी रुपेरी होती. पाकीट फोडलं तेव्हा घड्याळ लखलखत होतं. तसंच ते गिरगावातल्या माझ्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, घड्याळ उजेडात तिरकं धरलं आणि अर्ध्या मिनिटात खाली ठेवलं. ‘तबकडी रंगवलीय,’ ते म्हणाले. मग काच काढून त्यांनी मला कड दाखवली. तीनच्या आकड्याशेजारी कानशीने पाडलेली एक बारीक खाच होती. तिथेच नारिंगी रंगाचा पोपडा सुटला होता आणि खालून रुपेरी पत्रा दिसत होता. आजोबांच्या तबकडीचाच रंग.

अशा घड्याळांना जगभरातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं घेतलं जातं याचं मुंबईकर म्हणून मला वाईट वाटतं. म्हणून गेली चार वर्षं मी विक्रीला लागलेली शेकडो जुनी घड्याळं फोटोंतून तपासली, त्यातली काही विकत घेतली, बरीच घड्याळजींकडून उघडून पाहिली. फोटोवरून काय कळतं, काय कळत नाही आणि ‘ओरिजिनल’ या शब्दाला जुन्या घड्याळाच्या बाबतीत किती अर्थ उरतो, हे इथे मांडतो आहे.

मुंबईचंच नाव का पडलं, ते आधी समजून घ्यायला हवं. स्विस घड्याळांचा या शहराशी संबंध फार जुना. १७३७ साली स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेल्या फेवर-ल्युबाने एकोणिसाव्या शतकातच मुंबईत व्यापार मांडला. वेस्ट एंड वॉच कंपनी तर मुंबईशी इतकी जोडलेली की तिच्या गाजलेल्या घड्याळाचं नाव ‘सोवार प्रायमा’. सोवार म्हणजे आपला घोडेस्वार. पहिल्या महायुद्धात या कंपनीची घड्याळं हिंदी सैनिकांच्या मनगटावर होती. स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने बंगळुरात घड्याळं बनवायला घेतली. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कांचन’ ही नावं लग्नाच्या आणि दहावी पास झाल्याच्या बक्षिसात शिरली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत आखातातून परतणाऱ्या माणसांनी सायको फाइव्ह आणि सिटिझन आणली.

ही घड्याळं एकदा घेतली की आयुष्यभर वापरायची. मुंबईची दमट हवा, लोकलमधला घाम आणि पावसाळा यांपुढे त्या काळच्या अ‍ॅक्रिलिक काचेचा टिकाव लागत नसे. तबकडीवर डाग पडत, आकडे उडत. गिऱ्हाईक घड्याळजीला म्हणे, ‘जरा नवी करून द्या.’ कंपनीची सुटी तबकडी मिळत नसे किंवा परवडत नसे. मग तबकडी रंगवणाऱ्या कारागिराकडे जाई. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही ठाऊक होतं की ही रंगवलेली आहे. तेच घड्याळ मालकाच्या मनगटावरून उतरून अनोळखी माणसाला विकायला निघालं आणि त्याखाली ‘ऑल ओरिजिनल’ लिहिलं गेलं, तिथून फसवणूक सुरू झाली. २०१६ मध्ये एचएमटीच्या घड्याळ विभागाला टाळं लावायचा निर्णय झाला. त्यानंतर या घड्याळांची ओढ वाढली, तशी रंगवलेली आणि सुटे भाग जोडून उभी केलेली घड्याळंही वाढली.

तपासण्याच्या युक्त्या पुष्कळ आहेत, पण माझ्या मते त्या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. घड्याळाचे भाग एकत्र म्हातारे होतात. तबकडी, काटे, केस, झाकण आणि आतलं मशीन चाळीस-पन्नास वर्षं एकाच मनगटावर, एकाच हवेत राहिलेले असतात. केसच्या कडा झिजल्यात, झाकणावरची अक्षरं पुसट झालीत आणि तबकडी मात्र कालच छापल्यासारखी, असं दिसलं की मी थांबतो. डाग असलेल्या तबकडीला मी घाबरत नाही, कोऱ्या तबकडीला घाबरतो.

तबकडीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण किंमत तिथेच ठरते आणि लबाडीही तिथेच होते. कारखान्यातली तबकडी बहुधा पितळी पत्र्याची. तिच्यावर मुलामा, मुलाम्यावर मध्यातून कडेकडे जाणाऱ्या सूर्यकिरणांसारख्या बारीक रेघा आणि वर लाखेचा पातळ थर. अक्षरं त्यानंतर छापलेली, भिंगातून किंचित उठावाची दिसतात. रंगवताना हे सगळं खरवडून किंवा झाकून वर नवा रंग फवारतात आणि अक्षरं पुन्हा छापतात. कारागीर कितीही चांगला असला तरी काही गोष्टी त्याच्या हाती राहत नाहीत. किरणांच्या रेघा जातात आणि तबकडी सपाट, तेलकट चमकते. अक्षरं जाड होतात, शाई कडेला फुटते. तासाची चिकटवलेली धातूची खूण असेल तर तिच्या बुडाशी रंग साचून राहतो. मिनिटांच्या रेघा मोजून बघा. दोन तासखुणांमध्ये चार रेघा यायला हव्यात आणि तासाची खूण बरोबर पाचव्यावर बसायला हवी. रंगवलेल्या तबकडीत हा मेळ बऱ्याचदा चुकतो. स्विस घड्याळात ‘स्विस मेड’ ही अक्षरं सहाच्या खाली अगदी कडेला, निम्मी रिंगखाली दडलेली असतात. ती वर सरकलेली, ठसठशीत किंवा गायबच असतील तर उत्तर मिळालं. छपाईच्या वेळी तबकडी नीट बसावी म्हणून कडेला पाडलेली खाच, माझ्या ‘सी किंग’ला होती तशी, काच काढल्यावरच दिसते. तरीही विक्रेत्याकडे कडेचा फोटो मागावा. तो द्यायला विक्रेता का-कू करू लागला, तर मी पुढे जात नाही.

रंगांबद्दलही बोलायला हवं. काळ्या तबकडीच्या ‘पायलट’ला मोठी मागणी आहे, म्हणून ‘पायलट’ आता पोपटी, लाल, आकाशी अशा रंगांत दिसतं. त्यातले बहुतेक रंग कारखान्याचे नव्हेत, हल्लीच्या बाजारासाठी दिलेले आहेत. मराठी माणसाला इथे एक फायदा आहे. एचएमटीने देवनागरीत नाव लिहिलेल्या ‘जनता’ही काढल्या. त्या रंगवताना अक्षर न ओळखणाऱ्या हाताकडून चूक होते आणि आपल्याला ती भिंगाशिवाय दिसते. मी पाहिलेल्या एका तबकडीत ‘जनता’ची शिरोरेषा ‘न’ आणि ‘ता’ यांच्यामध्ये तुटली होती, काना रेषेच्या वर डोकावत होता. कारखान्यात अक्षर ठरवणाऱ्या माणसाने हे कधी पुढे जाऊ दिलं नसतं.

सायको फाइव्हच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा आकडे जास्त उपयोगी पडतात, आणि ते फोटोतून वाचता येतात. झाकणावर ‘७००९-८७६ए’ असा क्रमांक असेल तर पहिले चार आकडे मशीनचे, पुढचे केसचे. तबकडीच्या अगदी तळाशी, सहाच्या दोन्ही बाजूंना, मुंगीएवढ्या अक्षरांत तबकडीचा स्वतःचा क्रमांक असतो आणि तोही त्याच मशीनच्या आकड्यांनी सुरू व्हायला हवा. आतल्या मशीनवरही तोच आकडा हवा. तिन्ही जुळले तर हे भाग एकमेकांसाठीच बनले होते असं म्हणता येतं. तबकडीवर क्रमांकच नसेल, तर तो रंगवताना पुसला गेला असं समजायला हरकत नाही. झाकणावरच्या सहा आकडी अनुक्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक असतो. दुसरा महिना दाखवतो, आणि ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी तिथे अक्षर येतं. ‘८२’ने सुरू होणारं घड्याळ १९७८ च्या फेब्रुवारीचं की १९८८ च्या, हे मशीनवरून ठरवायचं. ‘७एस२६’ हे मशीन १९९६ साली आलं. ते असलेलं घड्याळ कुणी ‘सत्तरच्या दशकातलं’ म्हणून विकत असेल, तर पुढे काही विचारायची गरजच नाही. सिटिझनच्या अनुक्रमांकातही पहिला अंक वर्षाचा आणि पुढचे दोन महिन्याचे असतात.

आता काट्यांवरची आणि तबकडीवरची अंधारात चमकणारी भुकटी. वय सांगायला हिच्याइतकं प्रामाणिक दुसरं काही नसतं. साठच्या दशकापर्यंत रेडियम वापरत, नंतर ट्रिटियम, आणि नव्वदीच्या अखेरीपासून प्रकाश शोषून पुन्हा सोडणारी, किरणोत्सर्ग नसलेली भुकटी. ट्रिटियमच्या स्विस तबकडीवर ‘स्विस’च्या दोन्ही बाजूंना ‘टी’ हे अक्षर असतं. ट्रिटियमचं अर्धायुष्य सव्वाबारा वर्षांच्या आसपास. म्हणजे पन्नास वर्षांत ते सोळाव्या हिश्श्यावर येतं. असं घड्याळ दिव्याखाली धरलं तर क्षणभर उजळेल आणि विझेल. तासभर हिरवं चमकत राहिलं, तर भुकटी नवी भरलेली आहे. काट्यांतली भुकटी पांढरी आणि तबकडीतली मधाच्या रंगाची, असा फरक दिसला तर काटे बदललेत. रेडियमबद्दल मात्र कळकळीने सांगतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे सोळाशे वर्षं आहे. चमक जाते ती त्याच्याबरोबरचा जस्ताचा क्षार थकल्यामुळे. रेडियम तिथेच असतो. अशा घड्याळाची काच घरी उघडू नका, भुकटी खरवडू नका, ती श्वासात जाता कामा नये.

केसबद्दल थोडक्यात. पॉलिशच्या चाकावर वारंवार घातलेल्या केसच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलावतात आणि पट्टा बसवायचे कान बारीक होतात. कानाच्या टोकाला धार दिसली तर केस वाचलेली आहे. आपल्याकडच्या पुष्कळ घड्याळांच्या झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ फक्त झाकण स्टीलचं, बाकी केस क्रोमचा मुलामा दिलेल्या पितळेची. मुलामा उडून घामाने पितळ खड्डे-खड्डे झालेलं असतं. त्यावर पुन्हा मुलामा दिला की खड्डे बुजत नाहीत, चकाकतात. काच आणि चावी बदललेली असेल तर मी फारसा विचार करत नाही, ते झिजायचेच भाग आहेत. कंपनीचं चिन्ह असलेली जुनी चावी मिळाली तर मात्र आनंद होतो.

मशीनचा फोटो मागितल्याशिवाय घड्याळ घेऊ नये. आतल्या पट्ट्यांवर कंपनीचं नाव किंवा मशीनचा क्रमांक आहे का, स्क्रूच्या खाचा धारदार आहेत की खाल्लेल्या, चावीच्या दांड्याशी तांबूस गंज आहे का, इतकं फोटोत दिसतं. बाहेर नामांकित स्विस नाव आणि आत दुसऱ्याच कुणाचं मशीन असलेली घड्याळं मी स्वतः उघडून पाहिलेली आहेत. ‘चालू आहे, वेळ बरोबर दाखवतं’ या वाक्यावर विसंबू नये. तेल सुकलेलं घड्याळही चालतं, फक्त ते स्वतःला खात चालतं. काही विक्रेते आता टाइमग्राफर या यंत्राच्या पडद्याचा फोटो देतात, ही चांगली सुधारणा आहे. त्यात दिवसाला किती सेकंद पुढे-मागे एवढंच पाहू नका. बॅलन्स चक्र किती अंशांत झुलतं तो आकडा पाहा. पूर्ण चावी दिलेल्या सुदृढ मशीनमध्ये तो २७० ते ३१० च्या दरम्यान असतो. २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरावा. हा फोटो बहुधा घड्याळ आडवं ठेवून काढलेला असतो. उभ्या स्थितीतलाही मागावा, खरी अवस्था तिथे कळते.

विक्रेत्यांच्या शब्दांचीही एक भाषा आहे. ‘रिस्टोअर्ड’ म्हणजे बहुतेक वेळा तबकडी रंगवलेली आणि केस पॉलिश केलेली. ‘मिंट’ला काहीच अर्थ नाही. ‘न्यू ओल्ड स्टॉक’ म्हणजे दुकानात पडून राहिलेला, न वापरलेला जुना माल. खरा असेल तर तो सोन्यासारखा, पण त्याच विक्रेत्याकडे तसे पंचवीस नग दिसले तर सुट्या भागांतून जोडलेले समजावेत. ‘सर्व्हिस केलेलं’ लिहिलं असेल तर कधी आणि काय केलं ते विचारावं. एकच ओरखडा दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या फोटोंत एकाच जागी दिसला, तर फोटो उसना आहे. आजच्या तारखेची चिठ्ठी शेजारी ठेवून नवा फोटो मागण्यात संकोच वाटू देऊ नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. परत करायची वेळ आलीच तर तेवढाच पुरावा हातात असतो.

मूळपणाचा हा हट्ट किती ताणायचा, याबद्दल संग्राहकांत मतभेद आहेत आणि ते समजण्यासारखे आहेत. कंपन्यांनी स्वतःच पूर्वी सर्व्हिसिंगला आलेल्या घड्याळांच्या तबकड्या आणि काटे बदलून दिले. तो भाग कंपनीचाच, पण त्या घड्याळाबरोबर जन्मलेला नव्हे. अशा घड्याळाला खोटं म्हणता येत नाही, अस्सल म्हणतानाही थांबावं लागतं. लाँजिनसारखी कंपनी आपल्या जुन्या वह्यांतून एखादं घड्याळ कधी आणि कुणाला पाठवलं ते सांगते. त्या कागदाचं मोल मोठं आहे. पण तो कारखान्यातून काय निघालं ते सांगतो, आज तुमच्या हातात काय आहे ते नाही.

ही गफलत केवळ आपल्या गल्लीबोळांत होते असंही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ओमेगाचं एक स्पीडमास्टर, ‘२९१५-१’, ३१ लाख स्विस फ्रँकांहून जास्त किमतीला गेलं. तबकडी उन्हाने तपकिरी झालेली, संग्राहक जिला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात तशी. घेणारी खुद्द ओमेगाच होती, स्वतःच्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभं केलेलं आहे आणि त्यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात आहे. बनवणाऱ्यालाच स्वतःचं घड्याळ ओळखता आलं नाही, तर साडेतीन हजार मोजणाऱ्याने स्वतःला बोल लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

माझं मत सांगतो. रंगवलेल्या तबकडीचं घड्याळ रोज वापरायला घ्यायला काहीच हरकत नाही. किंमत तशी हवी आणि सांगितलेलं हवं. वाचलेली तबकडी मात्र कुणी रंगवू नये. डाग पडलेली, कडेला काळवंडलेली ‘जनता’ घरात असेल तर ती तशीच राहू द्यावी. काच बदला, मशीन साफ करून तेल घाला, पट्टा नवा लावा, तबकडीला हात लावू नका. एकदा खरवडली की ती पुन्हा मिळत नाही.

माझं नारिंगी ‘सी किंग’ गेल्या वर्षी मी विकायला काढलं. घड्याळजींनी ते पूर्ण उघडून पाहिलं होतं. केस आणि मशीन मूळचं होतं, काटे दुसऱ्या कुठल्या घड्याळाचे होते. मी लिहिलं, ‘तबकडी रंगवलेली, काटे बदललेले, केस आणि मशीन मूळ’, आणि खाचेचा फोटो सगळ्यांत आधी लावला. नागपूरच्या एका गृहस्थांनी ते बावीसशेला घेतलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो मिळेल का? मी पाठवला. तिथे आधीच्या घड्याळजींनी सर्व्हिसिंगच्या वेळी सुईने ओरखडलेल्या तारखा होत्या, तीन वेगवेगळ्या हातांच्या, सर्वांत जुनी १९७४ ची.